ढिगातलं घेणाऱ्यांना हिशेब शिकवू नका

‘महागाचं रडणं एकदाच, स्वस्ताचं रडणं रोजचं.’ ही म्हण ज्याने पहिल्यांदा काढली त्याच्या खिशात त्या दिवशी पैसे होते, हे मी पैजेवर सांगतो. एकदाच रडायलाही रोख रक्कम लागते. ती ज्याच्याकडे नाही त्याला ही म्हण काही शिकवत नाही, नुसती टोचते. तरी दिवाळी आली, लग्नसराई आली, जूनमध्ये शाळा उघडायची वेळ झाली की सल्ला निघतोच: चार हलके कपडे घेण्यापेक्षा एक भारी घ्या, पाच वर्षं बघायला नको. बचतीवर बोलणारे तो देतात, घरातले मोठे देतात, आणि कापड दुकानदार तर देणारच, त्याचा तो धंदाच आहे. जोडीला आणखी काही ठरलेली वाक्यं असतात. जुने कपडे म्हणजे दुसऱ्याचं उष्टं. रस्त्यावरचा माल म्हणजे खरूज-नायटा. रस्त्यावर बसणारे म्हणजे बाजाराला लागलेली कीड. आणि सगळ्यांत सज्जन वाक्य: गरिबाला विकत कशाला घ्यायला लावता, आपण वाटून टाकू की!

या सगळ्या वाक्यांशी माझं भांडण आहे, आणि ते भांडायला नगरइतकी योग्य जागा नाही. कागदावर आता अहिल्यानगर, पण एसटीचा कंडक्टर अजून ‘नगर, नगर’च ओरडतो. हे मुळात कापडाचं गाव. इथल्या पद्मशाली विणकरांच्या मागांवर निघणाऱ्या लुगड्यांची दखल १८८४ च्या गॅझेटियरने शहरातला मुख्य उद्योग म्हणून घेतली होती. शहराच्या मधोमध कापड बाजार नावाची आख्खी पेठ आहे, आणि लग्नाचा बस्ता बांधायला पाथर्डी-शेवगावापासूनची माणसं अजून तिथेच येतात. त्याच पेठेच्या कडेला, मोची गल्लीत, घासगल्लीत, हातगाडीवर नाहीतर जमिनीवर ताडपत्री पसरून, दुसरा कापड बाजार भरतो. त्याला पाटी नाही. त्याला ढीग म्हणतात.

ढीग म्हणजे एकच माल, असं लांबून बघणाऱ्याला वाटतं. एक असतो लॉटचा नवा माल: उल्हासनगरची जीन्स, सुरतेची साडी, तिरुपूरचा टी-शर्ट, ऑर्डर रद्द झालेला, मधल्या साइज संपून कडेच्या उरलेला, हंगाम उलटून गेलेला. दुसरा सेकंडचा: छपाई बोटभर सरकलेली, एका बाहीची छटा किंचित फिकी, काज वाकडं. आणि तिसरा खरोखरचा जुना, कुणाच्या तरी अंगावरून उतरलेला. दारावर आलेल्या बोहारणीने स्टीलच्या डब्यावर तो घेतलेला असतो. मग निवड होते, धुणं होतं, उसवलेलं शिवलं जातं, इस्त्री फिरते आणि तो बाजारात येतो. मुंबईत कामाठीपुऱ्यात भल्या पहाटे या मालाची उलाढाल होते, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे. आमच्या जिल्ह्यात तो आठवडे बाजारांतून फिरतो. काष्टीचं नाव बाहेर जनावरांसाठी माहीत, घोडेगाव-वांबोरीचं कांद्यासाठी. पण बैल विकून किंवा कांदा टाकून परत निघालेला माणूस पोरांसाठी पिशवीत काय घेऊन जातो, याची बातमी होत नाही.

आता हिशेब. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदलले आणि २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के कर लागू झाला. म्हणजे सरकारच्या लेखी अडीच हजारापर्यंतचा कपडा सर्वसाधारण माणसाचा. हमीच्या कामावर माती उचलणाऱ्याची ती आठ दिवसांची मजुरी होते. बाराशे-पंधराशेचा ‘टिकाऊ’ शर्ट घ्यायचा तर चार-पाच दिवस गेले, आणि ते एकाच माणसाचे. घरात पाच माणसं. शर्ट पाच वर्षं टिकेलही, पण तेवढ्या दिवसांचा किराणा कुठून यायचा, याचं उत्तर सल्ला देणाऱ्याकडे नसतं. सावकाराकडे असतं.

आणि टिकून करायचं काय? सहा वर्षांच्या पोराला पाच वर्षं टिकणारी पँट घेतली तर आठव्या वर्षी ती पोटरीवर येते. मुलांच्या कपड्यांचा शत्रू झीज नव्हे, वाढ. मोठ्यांच्या कपड्यांचं म्हणाल तर नागापूर एमआयडीसीत वेल्डिंग करणाऱ्याच्या शर्टाला ठिणगीची भोकं पडायची ती दोनशेच्या शर्टालाही पडतात आणि दोन हजारांच्याही. उसाच्या फडात पाचट जे करतं ते कापडाची किंमत बघून करत नाही. अशा कामाला टिकाऊ कपडा घालणं हाच उधळेपणा आहे.

आमच्या जिल्ह्यात फडावर, कांद्याच्या वावरात, खुरपणीला साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेली बाई कुणी पाहिली नाही असं होणार नाही. ऊन, कुसळं, पाचट, फवारणीचं औषध यांच्यात आणि तिच्या कातडीत तेवढं एकच कापड असतं. कारखान्यात याला संरक्षक कपडे म्हणतात आणि ते मालकाने द्यायचे असतात. इथे ते ढिगातून येतात. आणि तो शर्ट जुनाच लागतो: धुऊन धुऊन खळ गेलेला, घाम शोषणारा, कोपरात वाकताना न काचणारा सुती. पाथर्डी, जामखेड, शेवगावहून तोडीला निघणाऱ्या कोयत्याच्या, म्हणजे नवराबायकोच्या जोडीच्या, गाठोड्यात असे चार-सहा शर्ट पडले की कारखान्याचा हंगाम निघतो. या बाईला ‘एकच घे पण भारी घे’ सांगणाऱ्याने आधी एक दिवस मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीची फळी चढावी.

म्हण सगळीकडेच खोटी आहे, असं माझं म्हणणं नाही. चप्पल, दप्तर, रेनकोट या बाबतीत ती बऱ्याचदा खरी ठरते, कारण ती वस्तू ऐनवेळी दगा देते. कपड्यांना तिचा सरसकट शिक्का मारणं चूक आहे. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे ढिगावर वाकलेल्या माणसाला कळत नाही म्हणून तो तिथे आहे, असं धरून चालणं.

ढिगावर वाकलेली बाई कपड्याची परीक्षा कशी करते, ते एकदा जवळून बघा. शर्ट हातात आला की आधी कॉलर उलटते. घडीवर कापड विरलं असेल तर आतून बोट दिसतं. मग काख: डाग चालेल, विरलेलं चालणार नाही. पँट असेल तर पट्टा पोराच्या गळ्याभोवती फिरवायचा. दोन टोकं मानेमागे भेटली की कमरेला बसते. कपडे बदलून बघायला आडोसा नसलेल्या बाजाराने काढलेली ही युक्ती आहे आणि ती क्वचितच फसते. पँटची बैठक उन्हाकडे धरायची, जाळी दिसली की ढिगात परत. गुडघ्यावर चकाकी असेल तर इस्त्रीने लपवलेली झीज. मग आतली शिवण बघायची, माया किती सोडली आहे ती. अर्धा इंच असली तर पुढच्या वर्षाची सोय झाली. चेन दोनदा वर-खाली. इलास्टिक ताणून सोडायचं आणि कसं परत येतं ते बघायचं. साडी असेल तर पदराकडे ती ढुंकूनही बघत नाही. विक्रेता पदरच पुढे करतो, ही उलटून निऱ्यांखालचा काठ बघते, कारण साडी टाचेपाशी आधी जाते. हे सगळं अर्ध्या मिनिटात, दुसऱ्या हाताने पोराला धरून.

मग भाव.

‘दादा, याला डाग आहे.’

‘डाग आहे म्हणून पन्नास, मावशी. नाहीतर ढिगात आला असता का?’

‘मग चाळीस करा. साबण माझाच लागणार.’

‘दोन घ्या, नव्वदला देतो.’

‘दोन घेते, ऐंशीला.’

आणि ती खरंच चालायला लागते, कारण चालायला लागल्याशिवाय पंच्याऐंशी होत नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं. तिथून पुढे फूटपाथवर मशीन मांडून बसलेला अल्टरवाला. बाही आखूड, कंबर आत, चेन नवी. त्याची मजुरी भाव ठरवतानाच तिच्या डोक्यात धरलेली असते. शोरूममध्ये लेबलावर बोट ठेवून कार्ड घासणाऱ्या गिऱ्हाइकाने आयुष्यात एकदा तरी शिवण उलटी करून बघितली आहे का, हे मला विचारायचं आहे. त्याने कापड बघितलेलंच नसतं. त्याने नाव विकत घेतलेलं असतं, आणि वर हा ढिगावरच्या बाईला गुणवत्तेवर प्रवचन देतो.

फसवणूक होते का? होते. ‘कंपनी बंद पडली, फक्त ३ दिवस’ असा बोर्ड लावून मंगल कार्यालयात भरणारे महासेल कोणत्या कंपनीचे असतात, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. पहिल्या धुण्यात अख्ख्या बादलीला रंग देणारे कुर्ते त्यात असतात, नामांकित कंपनीचं खोटं लेबल लावलेले शर्ट असतात. पण छापील किंमत आधी दुप्पट करून मग ‘५० टक्के सूट’ लावणं ही फसवणूक वातानुकूलित असते एवढाच फरक. ढिगावर निदान माल उघडा असतो, आणि विक्रेत्याला पुढच्या बाजारी त्याच जागी बसायचं असतं.

आता उष्ट्याचा मुद्दा, कारण मध्यमवर्गीय नाक तिथे सर्वांत आधी मुरडतं. ‘कुणाच्या अंगावरचं काय माहीत!’ खरंच माहीत नसतं. पण लग्नात नवरदेवाची शेरवानी भाड्याने आणतात तेव्हा ती आधी किती नवरदेवांच्या घामात भिजली, हे कुणी विचारतं का? एका मोसमात ती कितीतरी वराती करते. नगरच्या प्रत्येक जुन्या फोटो स्टुडिओत खुंटीला एक काळा कोट आणि गाठ मारून ठेवलेला टाय असायचा. अर्ध्या जिल्ह्याचे स्थळाचे फोटो त्या एका कोटात निघाले असतील. रेल्वेच्या एसी डब्यात मिळणारं ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतलं जातं, असं रेल्वेमंत्र्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकसभेत लेखी उत्तरात सांगितलं. महिन्यातून एकदा! ते हनुवटीपर्यंत ओढून झोपणारा माणूस स्टेशनाबाहेरच्या ढिगाकडे बघून शहारतो, तेव्हा त्याचा आक्षेप कपड्याला नसून ढिगाभोवतीच्या माणसांना असतो.

श्रद्धेचंही तेच. कोल्हापूरच्या अंबाबाईला नेसवलेली साडी प्रसाद म्हणून विकत मिळते आणि बायका ती जपून ठेवतात. नवरात्रात तिरुपतीहून येणाऱ्या शालूचा तर लिलाव होत आला आहे. जन्मलेल्या बाळाच्या अंगाला आपल्याकडे पहिलं कापड जुनंच लागतं, आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचं. गोधडी तर सगळी जुन्याचीच. मग वापरलेलं कापड अपवित्र नेमकं कधी होतं? पैसे देऊन, अनोळखी माणसाकडून, रस्त्यावर घेतलं की.

रोगराईचं उत्तर साधं आहे. खरजेचा किडा माणसाच्या कातडीबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही, उवाही फार टिकत नाहीत. आणलेले कपडे आठवडाभर पिशवीत गच्च बांधून ठेवावेत, मग कढत पाण्यात भिजवून नगरच्या उन्हात दोन दिवस वाळत घालावेत. ढेकणांचा संशय असेल तर शिवणी नीट तपासाव्यात. हे कोणत्याही घरातल्या आजीला सांगावं लागत नाही. नवा कपडाही न धुता घालू नये, हे मात्र सांगावं लागतं. त्यावर कारखान्यात मारलेली रसायनं असतात आणि दुकानातल्या ट्रायल रूममध्ये तोही बऱ्याच अंगांवरून गेलेला असतो.

इथवरचे आक्षेप सोपे होते. एक आक्षेप खरा जड आहे आणि तो टाळून हा लेख पुढे नेता येणार नाही. उतरलेला कपडा या समाजात सगळ्यांना सारखा आलेला नाही. गावगाड्यात मढ्यावरचं कापड हा महारांचा ‘हक्क’ मानला जाई. वाड्यावरचं फाटकं लुगडं सणाला वरून टाकलं जाई आणि खाली पदर पसरून ते झेलावं लागे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना आपल्या नेसण्या-लेण्यातून जात दिसू देऊ नका, स्वच्छ आणि नीटनेटकं राहा असं सांगितलं, तेव्हा लुगडं कसं नेसायचं हा माणुसकीचा प्रश्न होता. आमच्याच अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये, १९७८ साली, मुंबईच्या कावाखान्यातल्या चिंध्या-कागद गोळा करणाऱ्या बायका दाखवल्या. ज्यांच्या आजीने हे भोगलं ते जर म्हणाले की आमच्या घरात जुना कपडा येणार नाही, पोटाला चिमटा घेऊ पण नवंच नेसू, तर त्यांच्यापुढे माझा एकही युक्तिवाद चालणार नाही. चालूही नये. भीमजयंतीला नवे कपडे घेणं हा उधळेपणा आहे, असं शहाणपण शिकवणाऱ्यांनी हा इतिहास आधी वाचावा.

पण याच इतिहासात ढिगाची बाजूही दडलेली आहे. अपमान जुन्या कापडात नव्हता, ते वरून टाकलं जाण्यात होता. घेणाऱ्याला नाही म्हणता येत नव्हतं. निवडता येत नव्हतं. आणि घेतल्यावर देणाऱ्याचं ऋण मानेवर बसत होतं. ढिगावर यातलं काहीच नाही. तिथे ती बाई गिऱ्हाईक आहे. आवडलं नाही तर फेकून देते, भाव पाडते, विक्रेत्याला चार शब्द सुनावते आणि तोही उलट सुनावतो. चाळीस रुपये मोजले की विषय संपला, आभार मानायचं कारण नाही. म्हणूनच ‘वाटून टाकू’वाल्यांची मला सगळ्यांत जास्त भीती वाटते.

२०१६ च्या सुमाराला महाराष्ट्रात गावोगाव ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली: नको असेल ते अडकवा, हवं असेल ते न्या. हेतू चांगलाच होता. पण भिंतीशी घासाघीस करता येत नाही. भर चौकात, ओळखीच्यांच्या नजरेसमोर फुकटचा कपडा काढून न्यायला जी हिंमत लागते ती विकत घ्यायला लागत नाही. आणि फुकट द्यायचं म्हटलं की देणाऱ्याचा हात सैल होतो, नजर नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत महापूर आला तेव्हा मदतीच्या ट्रकांतून विटका, फाटका माल इतका आला की जुने कपडे पाठवू नका, असं सांगायची पाळी आली. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हेच घडलं होतं. बोहारीण तुमचा फाटका शर्ट घेत नाही, उलट हातात ठेवून ‘ताई, याचं काही येणार नाही’ म्हणते. तिला तो पुढे विकायचा असतो. पूरग्रस्ताला तो नाकारायची सोय नव्हती. दिल्लीच्या गूंज संस्थेने हे दुखणं ओळखलं. गावाने आपल्या गावाचं काम करायचं, विहीर, बांध, रस्ता, आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे, अशी रीत तिने घातली. १९९९ मध्ये ही संस्था सुरू करणाऱ्या अंशू गुप्तांना २०१५ चा मॅगसेसे मिळाला. दानाच्या क्षेत्रातली सर्वांत गाजलेली कल्पना शेवटी काय निघाली, तर कपड्याला किंमत लावा.

सरकारी दानाचं वेगळं नाही. अंत्योदय शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला एक साडी मोफत, अशी राज्याची योजना २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणातून आली. यंत्रमागाला काम मिळावं हा तिचा दुसरा हेतू. २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या जव्हारच्या आदिवासी बायकांनी मिळालेल्या साड्या परत नेऊन दिल्या आणि त्याऐवजी रोजगार मागितला. रंग, काठ, पोत यातलं काहीच ज्यात विचारलं जात नाही ती साडी कितीही नवी असो, तिच्यापेक्षा ढिगातली आपल्या डोळ्यांनी निवडलेली बरी, असं एखादीला वाटलं तर तिला कृतघ्न म्हणू नका. शाळेच्या गणवेशाचंही असंच झालं. २०२४ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून कापड वरून कापून आलं, उशिरा आलं, मापं चुकली. वर्ष संपायच्या आत निर्णय फिरवून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यावा लागला. जे काम माप घेऊन होतं ते मंत्रालयातून होत नाही.

‘पण जुन्या कपड्यांमुळे आपला विणकर मरतो’ असंही ऐकू येतं, आणि आफ्रिकेचा दाखला दिला जातो. दाखला खरा आहे, जागा चुकली आहे. घानातल्या अक्राचा कांतामांतो बाजार (२०२५ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला) परदेशातून गठ्ठ्यांनी येणाऱ्या उतरलेल्या कपड्यांवर चालतो. रवांडाने २०१६ मध्ये अशा मालावरचा कर वाढवला, तेव्हा अमेरिकेने २०१८ मध्ये त्याच्या कपड्यांना दिलेली सवलत थांबवली. आपल्याकडे वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत. चिंध्या करून आलेला लोकरी माल पानिपतला जातो आणि त्याच्या घोंगड्या होतात. काही गठ्ठे चोरवाटेने बाजारात फुटतात, ते थांबवावेत. पण नगरच्या पद्मशाली मागाचा आवाज बंद केला तो यंत्रमागाने आणि पॉलिस्टरने. सरकारने १९७६ मध्ये जनता कापड योजना काढली होती: हातमागाचं स्वस्त धोतर, स्वस्त साडी, अनुदानावर. विणकरालाही काम, गरिबालाही कापड. ती गुंडाळली गेली. त्यानंतर गरिबाला परवडेल असं कापड पोचवायचं काम ढिगाने केलं, एका पैशाच्या अनुदानाशिवाय.

इन्स्टाग्रामवरच्या ‘थ्रिफ्ट’वाल्यांवर फार शब्द घालवत नाही. ढिगातला शंभरचा शर्ट पुण्यात हँगरला लावून ‘व्हिंटेज’ म्हणून सहाशेला विकावा, हा त्यांचा उद्योग आहे, खुशाल करावा. फक्त पृथ्वी वाचवण्याचं श्रेय घेताना तीन पिढ्या थोरल्याची पँट धाकट्याला आणि शेवटी पोतेऱ्याला वापरणाऱ्या घरांना पर्यावरण समजावून सांगू नये.

उरला कापड बाजारातला वाद. दुकानदार म्हणतात, आम्ही भाडं भरतो, वीजबिल भरतो, जीएसटी भरतो आणि आमच्या पायरीसमोर हे फुकट बसतात. या वादाला वेळोवेळी भलते रंगही चढले. त्यांत शिरण्यात मला रस नाही. रस्ता अडतो ही तक्रार खरी आहे. अग्निशमनची गाडी शिरणार नाही अशी गल्ली कुणाच्याच हिताची नाही, ढीगवाल्याच्या तर मुळीच नाही, त्याचा माल सगळ्यांत आधी पेटेल. पण कराचा मुद्दा पोकळ आहे. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नुसता माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, आणि जुन्या कपड्यावरचा कर पहिल्या गिऱ्हाइकाने कधीच भरलेला आहे.

कायदा काय सांगतो? पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. आधी सर्वेक्षण करा, प्रमाणपत्रं द्या, तोवर कुणाला उठवू नका. उठवायचं किंवा हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस द्या. पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले घ्या, त्यांतल्या एक तृतीयांश बायका. जिथे वर्षानुवर्षं गिऱ्हाईक आणि विक्रेता आपोआप जमतात त्या बाजाराला हा कायदा नैसर्गिक बाजार म्हणतो आणि जागा ठरवताना त्याचा विचार करायला लावतो. अतिक्रमणविरोधी पथकाने ट्रक आणून ताडपत्रीसकट माल उचलून नेणं यात कुठे बसतं, हे महापालिकेने सांगावं. कुठे बसायचं, किती फूट, कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत, हे पट्टे मारून ठरवता येतं. जुन्या बाजाराला वार नेमून देता येतो. शौचालय आणि पाण्याचा नळ देता येतो, कारण तिथे दिवसभर बसणाऱ्यांत बायकाही असतात. शहराबाहेर एखाद्या मोकळ्या मैदानात नेऊन बसवणं हे मात्र पुनर्वसन नव्हे. एसटीतून उतरलेलं गिऱ्हाईक तिथवर रिक्षाचे पैसे घालून जाणार असेल तर चाळीसचा शर्ट ऐंशीचा झाला.

आणि कापड बाजारातल्या व्यापाऱ्यांनी स्वतःचाही हिशेब एकदा तपासावा. मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला जी बाई त्यांच्या गादीवर येऊन बसते, शालू पसरायला लावते, तीस-चाळीस हजारांचं बिल करते, ती वर्षभर रोजच्या वापराचं कुठून घेते? घरातल्या पाच जणांचे रोजचे कपडेही तिने दुकानातूनच घेतले असते तर बस्त्याला एवढी रक्कम उरली असती का? ती ढिगाचं गिऱ्हाईक आहे म्हणूनच त्यांचं गिऱ्हाईक होऊ शकते. तिने दोहोंतलं एकच निवडावं, अशी मागणी घेऊन महापालिकेवर मोर्चा नेण्याआधी त्यांनी आपल्याच खतावणीतली बस्त्याची पानं काढून बघावीत.